रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड!

मैत्रिणींनो, आमच्या खारघरच्या महिला मंडळात एक तक्रार मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे की विचारू नका. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, पण बरं काही वाटत नाही. छातीत धडधडतं, हाताला मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं, पोट बिघडतं, मध्यरात्री घाम फुटून जाग येते. डॉक्टर सांगतात काळजीचं कारण नाही, आणि घरचे म्हणतात, हे सगळे तुझ्या मनाचे खेळ!

मी स्वतः यातून गेले आहे. आई गेली त्यानंतरचे सहा-सात महिने फार वाईट होते. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन झालं. सगळं ठीक. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण मला लाजच वाटली. म्हणजे मी नाटक करतेय की काय? जाऊबाईंनी तर तसं बोलूनही दाखवलं. त्याच सुमारास मंडळाची सहल लोणावळ्याला गेली. इथून कळंबोलीला एक्स्प्रेस-वे धरला की घाट चढून लोणावळा काही लांब नाही. तिथे कैवल्यधाम पाहिलं आणि ते उभं करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांबद्दल कळलं. घरी येऊन मिळेल ते वाचलं. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहे, कारण माझी लाज गेली ती त्यांच्यामुळे.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883 चा, गुजरातमधल्या डभोईचा. घर मराठी, वडील शिक्षक, परिस्थिती गरिबीची. पण मुलगा हुशार. 1903 साली मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि बडोद्याच्या कॉलेजात गेला. बडोद्यातच जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांकडे त्यांनी 1907 ते 1910 अशी तीन वर्षं शरीर कमावलं. पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले, राष्ट्रीय विचारांच्या कॉलेजचे प्राचार्यही झाले. लग्न केलं नाही. देशाचं काम करायचं, हे मनात पक्कं होतं.

1919 मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याची गाठ पडली आणि आयुष्याला वळण लागलं. गुरूंकडून ते योग शिकले. पण गुणे मास्तरांचा स्वभाव असा, की गुरूंनी सांगितलं आणि मान डोलावली, असं होणार नाही. योगाने शरीरात काहीतरी बदलतं हे ते अनुभवत होते. मग नेमकं काय बदलतं? ते मोजता येईल का? 1920-21 च्या सुमाराला त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात एक्स-रे यंत्राच्या मदतीने उड्डियान आणि नौली या क्रियांचे प्रयोग केले. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब कमी होऊन पोकळी तयार होते, हे त्यांना दिसलं. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचंच नाव दिलं. मला याचं फार कौतुक वाटतं. गुरूंवर श्रद्धा पूर्ण, पण परीक्षा यंत्राची!

ऑक्टोबर 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. त्यात नुसती प्रवचनं नसत, प्रयोगशाळेतले आकडे असत. आसनात रक्तदाब किती होतो, प्राणायामात श्वासातले वायू कसे बदलतात, असे. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो असा सगळ्यांचा समज. स्वामीजींनी मोजून पाहिलं, तर तसा जास्तीचा ऑक्सिजन काही सापडेना. दुसरा कोणी असता तर हे दडपून टाकलं असतं. यांनी छापलं. प्राणायामाचं खरं मोल मज्जासंस्थेला वळण लावण्यात आहे, असं त्यांचं मत होतं.

मैत्रिणींनो, आपल्या धडधडीचं कोडं इथेच सुटतं बघा. आपल्या शरीरात न सांगता चालणारी एक यंत्रणा आहे. तिचे दोन भाग. एक संकटात पळायला तयार करणारा, दुसरा संकट टळल्यावर शांत करणारा. समोर कुत्रा धावून आला की पहिला भाग जागा होतो. अॅड्रिनॅलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, घाम येतो, पचन मंदावतं. पण कर्जाचा हप्ता, मुलाची बारावी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई यांनाही शरीर धावून आलेला कुत्राच समजतं! आणि हा कुत्रा रात्रीही घरातच असतो. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, चक्कर येते. म्हणजे रिपोर्ट खरा आणि त्रासही खरा. यात खोटं कोणीच नाही.

आणि हे कमकुवत मनाच्या बायकांनाच होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मनाचा ताण म्हणा की कामाचा, शरीर कोणालाच सोडत नाही. मार्च 1927 मध्ये खादीच्या दौऱ्यात, कोल्हापूरला असताना गांधीजी आजारी पडले. अतिश्रमाने रक्तदाब वाढला होता. विश्रांतीसाठी त्यांना आधी आंबोलीला आणि मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर नेलं. त्या काळात त्यांनी स्वामीजींच्या सल्ल्याने आसनं केली, दोघांचा पत्रव्यवहारही झाला. शवासन त्यात होतं. काहीही न करता पडून राहणं! आपल्याला नेमकं तेच जमत नाही ना?

1936 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला स्वामीजींचं केंद्र उभं राहिलं, लोणावळ्याला 1961 मध्ये योगाचं रुग्णालय निघालं. चमत्कारांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. 18 एप्रिल 1966 रोजी ते गेले. त्यांची संस्था मात्र शंभरी ओलांडूनही चालू आहे.

आता माझं. मी काही योगपटू झाले नाही. रात्री धडधड सुरू झाली की उठून बसते, श्वास सावकाश घेते आणि सोडताना त्याहून जास्त वेळ लावते. लांब नि:श्वासाने हृदयाची गती खाली येते. पहिले काही दिवस काहीच जाणवलं नाही, हेही सांगते. मग हळूहळू फरक पडला. शिवाय मी समुपदेशकाकडे गेले, आईबद्दल पोटभर रडले, त्याचाही मोठा वाटा आहे.

एक मात्र कटाक्षाने पाळा. रक्त कमी असलं, थायरॉइड किंवा साखर बिघडली, पाळी जायची वेळ आली, तरी अशीच लक्षणं दिसतात. हृदयविकारातही दिसतात. म्हणून आधी डॉक्टर, तपासण्या, मग बाकीचं. छातीत दुखणं, दम लागणं अंगावर काढू नका. आणि मन फारच जड झालं तर 14416 हा सरकारी टेलि-मानसचा नंबर फोनमध्ये ठेवा. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि हो, तुमच्या घरात किंवा शेजारी एखादी म्हणाली की रिपोर्ट नॉर्मल आहेत पण बरं वाटत नाही, तर तिला नाटकी म्हणू नका. चहा टाका आणि तिचं ऐकून घ्या.