विश्लेषण : वादळात होडी घालणारी ग्रेस डार्लिंग कोण होती? उजनीकाठी तिची गोष्ट कशासाठी?

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात, करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी या दोन गावांच्या मधल्या पाण्यात, प्रवासी होडी उलटली. होडीत सात जण होते. अचानक वादळी वारा सुटला, लाटा उसळल्या आणि होडी पाण्याखाली गेली. एक जण पोहत काठाला लागला. बाकी सहा जणांचा मृत्यू झाला, त्यात लहान मुलेही होती. शोधकार्य पुढे दोन दिवस चालले.

सोलापुरात नवी पेठेत खरेदीला आलेल्या माणसाला उजनी म्हणजे नळाचे पाणी आणि टीएमसीचे आकडे. करमाळा, माढा, इंदापूरच्या काठावरच्या माणसाला मात्र उजनी म्हणजे रोजचा रस्ता आणि रोजची मासेमारी. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून होडी. जाळे टाकायचे तरी होडी. अशा पाण्यात वळवाचा वारा सुटला तर काय करायचे, बुडणाऱ्याला काढायला कोणी, कशी आणि किती जणांनी जायचे, हा प्रश्न जगभरातल्या मच्छीमारांना पडत आला आहे. त्याचे एक उत्तर १८३८ साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर एका दीपगृह राखणदाराने आणि त्याच्या २२ वर्षांच्या मुलीने दिले. मुलीचे नाव ग्रेस डार्लिंग. तिच्या धाडसावर चित्रे निघाली, कविता झाल्या. त्या सकाळी बापलेकीने केलेला हिशेब मात्र फारसा सांगितला जात नाही.

दीपगृहातले बालपण

ग्रेसचा जन्म २४ नोव्हेंबर १८१५ रोजी नॉर्थम्बरलंड परगण्यातील बँबरो या गावी झाला. नऊ भावंडांत ती सातवी. वडील विल्यम डार्लिंग दीपगृहाचे राखणदार होते. बँबरोसमोर समुद्रात फार्न नावाची लहान खडकाळ बेटे आहेत. भरतीला त्यातले कित्येक खडक पाण्याखाली जातात. उजनीची पातळी घटली की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि पाणी वाढले की पुन्हा दिसेनासे होते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की फार्नच्या खडकांवर जहाजे आपटत.

कुटुंब आधी ब्राउन्समन या बेटावर राहत असे. तिथे थोडी माती होती, भाजी पिकत असे, बकऱ्या पाळता येत. १८२६ मध्ये अधिक बाहेरच्या लाँगस्टोन खडकावर नवे दीपगृह उभे राहिले आणि डार्लिंग कुटुंब तिकडे गेले. तिथे गवताची काडी नाही. वादळात लाटा खालच्या खोल्यांपर्यंत येत. मुलांचे शिक्षण घरीच, वडिलांच्या हाताखाली झाले. वाचन, लेखन, शिवणकाम यांबरोबर दिवा पाजळणे, वात कापणे, पाळीने रात्रभर जागणे आणि होडी वल्हवणे हेही त्या घरातले रोजचे काम होते. मोठी भावंडे एकेक करून किनाऱ्यावर कामाला गेली, तसतशी ग्रेस वडिलांची मुख्य मदतनीस झाली. पुढे तिला नाजूक, भाबडी खेड्यातली पोर म्हणून रंगवले गेले. ती वास्तविक बारा वर्षे दीपगृहावर काम केलेली अनुभवी मुलगी होती.

त्या रात्री नेमके काय घडले?

फोरफारशायर नावाची वाफेची बोट ५ सप्टेंबर १८३८ च्या संध्याकाळी हल बंदरातून स्कॉटलंडमधील डंडीकडे निघाली. बोटीवर साठेक माणसे होती. निघाल्यानंतर लवकरच बॉयलर गळू लागला. परत फिरण्याची संधी होती, कप्तानाने ती घेतली नाही. दुसऱ्या रात्री भर वादळात इंजिन बंद पडले. शिडे लावून बोट वाऱ्यापुढे दक्षिणेला वाहत निघाली. फार्न बेटांच्या आडोशाला जावे असा कप्तानाचा विचार होता, पण लाँगस्टोनचा दिवा त्याला दुसऱ्याच बेटावरचा वाटला. ७ सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास बोट बिग हारकार या खडकावर आदळली आणि काही मिनिटांत तिचे दोन तुकडे झाले. मागचा भाग प्रवाशांसह वाहून गेला. कप्तान आणि त्याची पत्नी दोघेही बुडाले. बोटीची एक लहान होडी घेऊन नऊ जण आधीच निसटले होते. त्यांना पुढे एका जहाजाने उचलले. उरलेले काही जण पुढच्या भागाला धरून राहिले आणि ओहोटी लागल्यावर कसेबसे खडकावर चढले.

बॉयलरची गळती कळल्यावर परत न फिरणे ही या अपघाताची सुरुवात. जलाशयावर होडी चालवणारा कोणीही हे ओळखेल. आभाळ भरून आलेले दिसत असते, मशीन खोकत असते, तरी एवढी फेरी मारू म्हणून होडी सोडली जाते.

दीपगृहावर त्या रात्री विल्यम, त्याची पत्नी टॉमसिन आणि ग्रेस एवढेच होते. ग्रेसचा धाकटा भाऊ किनाऱ्यावर गेलेला होता. पावणेपाचच्या सुमारास ग्रेसला खिडकीतून खडकावर काळसर आकार दिसला. दुर्बीण लावली, पण अंधार आणि फेसाळ पाण्यात माणसे दिसेनात. दोघे आळीपाळीने पाहत राहिले. सातच्या सुमारास, पाणी उतरल्यावर, खडकावर हालचाल दिसली. दोन तास दुर्बिणीला डोळा लावून बसणे चित्रकाराच्या कामाचे नसते, म्हणून ते चित्रांत आले नाही. सुटका मात्र तिथूनच सुरू झाली.

दोघांनी चौघांची होडी कशी नेली?

घरची होडी कोबल जातीची, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची, होती. लांबी २१ फूट. अशा समुद्रात ती चालवायला एरवी तीन-चार गडी लागत. इथे होते दोनच. खडक सरळ रेषेत जवळ होता, पण त्या वाटेने लाटा आडव्या येत होत्या आणि होडी उलटली असती. म्हणून विल्यमने खडकांच्या आडोशाची लांबची वाट धरली. ती सुमारे मैलभराची होती.

खरी अडचण परतीची होती. ओहोटीच्या ओढीबरोबर तिकडे पोहोचणे दोघांना जमले असते. भरती लागल्यावर उलट्या प्रवाहात परत येणे दोघांच्या ताकदीबाहेरचे होते. निघण्यापूर्वी बापलेकीने हे बोलून घेतले होते. खडकावर वल्हे मारू शकेल असा कोणी धडधाकट माणूस असेल तर परत येता येईल, नाहीतर नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. पुढच्या लोककथांत ग्रेस रडून वडिलांना गळ घालते असे दाखवतात. विल्यमने दीपगृहांच्या संस्थेला कळवलेल्या हकिगतीत तसे काही नाही. दोघांनी मिळून ठरवले आणि दोघे निघाले, एवढेच त्यातून दिसते. मला ही साधी हकिगत त्या रडारडीपेक्षा जास्त मोठी वाटते.

खडकावर नऊ जण जिवंत होते, आठ पुरुष आणि सेरा डॉसन ही एक बाई. तिच्या दोन लेकरांनी रात्रीच्या थंडीत तिच्या कुशीतच प्राण सोडले होते. एक धर्मोपदेशकही गारठून मेला होता. पाण्यात भिजलेल्या माणसाच्या अंगातली ऊब कोरड्या हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने जाते, वर वारा असला तर आणखी. लहान मुलांचे शरीर तर फार लवकर निवते. म्हणून बुडण्यातून वाचलेला माणूस सुटला असे लगेच म्हणता येत नाही.

विल्यमने खडकावर उडी घेतली. आता होडीत ग्रेस एकटी. होडी खडकाला बांधली असती तर आपटून फुटली असती, सोडली असती तर वाहून गेली असती. ग्रेस दोन्ही वल्ही हातात घेऊन, मागेपुढे करत, होडी खडकापासून बेताच्या अंतरावर झुलवत राहिली. त्या सकाळचे सगळ्यांत कौशल्याचे काम हेच.

नऊच्या नऊ जणांना एकदम घेण्याचा मोह विल्यमने टाळला. पहिल्या खेपेला सेरा डॉसन आणि चार पुरुष एवढेच घेतले. त्यातले खलाशी वल्ह्याला बसले. दीपगृहावर पोहोचल्यावर ग्रेस आईबरोबर जखमींच्या शुश्रूषेला राहिली आणि विल्यम दोन खलाशांना घेऊन उरलेल्या चौघांसाठी परत गेला. मृतदेह त्या वेळी तिथेच ठेवावे लागले. जिवंत माणसांसाठी होडी हलकी हवी होती.

ज्यांची नावे राहून गेली

त्याच सकाळी सीहाऊसेस गावचे सात मच्छीमारही वल्ही मारत सुमारे पाच मैल समुद्र कापून खडकावर पोहोचले. त्यांत ग्रेसचा धाकटा भाऊ विल्यम ब्रूक्स होता. त्यांना तिथे फक्त मृतदेह सापडले. वारा इतका वाढला की त्यांना घरी परतता येईना, म्हणून तेही लाँगस्टोनवर आले. त्या एवढ्याशा जागेत एकोणीस जण दोन दिवसांहून अधिक काळ अडकून राहिले. त्यांना काय शिजवून घातले असेल, हे टॉमसिनबाईंनाच माहीत. मच्छीमारांची खेप डार्लिंग कुटुंबापेक्षा लांबची आणि तितकीच धोक्याची होती. वर्तमानपत्रांना मात्र बापलेकीची गोष्ट मिळाली होती, त्यांच्यासाठी रकान्यात जागा उरली नाही. किनाऱ्यावर याची सल पुढे बराच काळ राहिली.

प्रसिद्धीचे काय झाले?

काही आठवड्यांत ग्रेस साऱ्या ब्रिटनमध्ये ठाऊक झाली. रॉयल ह्युमेन सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. जहाज फुटून संकटात पडलेल्यांचे जीव वाचवण्यासाठी १८२४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने रौप्यपदक दिले. हीच संस्था आज आरएनएलआय म्हणून ओळखली जाते आणि तिच्या बचावनौकांवर बहुतांश स्वयंसेवकच जातात. व्हिक्टोरिया राणीने ५० पौंड पाठवले. लोकवर्गणी जमली, ती सांभाळायला नॉर्थम्बरलंडचे ड्यूक पुढे आले.

मग चित्रकार आले, एकामागून एक. प्रत्येकापुढे बसायचे. पर्यटकांच्या होड्या येऊ लागल्या. तिच्या केसांची बट मागणारी पत्रे येत. नाटकात फक्त होडीत बसून दाखवण्यासाठी पैसे देऊ केले गेले, तिने नकार दिला. काम तेच राहिले, दिवा, पाळी, घर, आणि त्यावर आभाराच्या पत्रांना उत्तरे लिहिण्याचा भार. चार वर्षांत तिची प्रकृती ढासळली. १८४२ मध्ये क्षयाचे निदान झाले. हवापालटासाठी तिला किनाऱ्यावरच्या गावांत हलवण्यात आले, उपयोग झाला नाही. २० ऑक्टोबर १८४२ रोजी बँबरोत तिचा मृत्यू झाला. वय २६.

उजनीच्या पाण्यात यातले काय लागू पडते?

उजनीचे पाणी उत्तर समुद्राइतके थंड नाही. पण वळवाच्या वाऱ्यात उघड्या जलाशयावर उठणाऱ्या लाटा लहान होडीला पुरेशा असतात आणि अंगावरचे कपडे, घाबरलेला श्वास यांनी पोहता येणारा माणूसही लवकर दमतो. म्हणून लाइफ जॅकेट होडीच्या तळाशी ठेवून चालत नाही, काठावरच अंगात घालून पट्टे आवळलेले हवे. उलटलेली लाकडी किंवा फायबरची होडी बऱ्याचदा तरंगत राहते. काठ अगदी जवळ नसेल तर तिला धरून राहणे पोहत सुटण्यापेक्षा बरे. जॅकेट नसेलच, तर झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा प्लास्टिक कॅन एका माणसाचे डोके पाण्यावर ठेवू शकतो. जाळ्यावर जाणाऱ्याने तो दोरीने होडीला बांधून ठेवावा.

वाचवायला जाणाऱ्याने थेट पाण्यात उडी घेऊ नये. आधी काठावरून दोर, बांबू, कॅन टाकून पाहावे. होडी न्यायचीच तर बुडणाऱ्याच्या जवळ पोहोचताना मशीन बंद करावे, कारण पंखा माणसाला चिरतो. एका बाजूने सगळ्यांनी मिळून ओढू नये, होडी कलते. जमेल तिथे मागच्या बाजूने घ्यावे. आणि विल्यम डार्लिंगने केले तसे, होडीला झेपतील तितकेच घेऊन दुसरी खेप करावी. एकाने काठावर थांबून, शेवटचे डोके कुठे दिसले तिकडून नजर न हलवता, ११२ वर फोन करावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. वाचलेल्याचे ओले कपडे काढून त्याला कोरड्या घोंगडीत किंवा चादरीत गुंडाळावे. तो बोलत असला तरी दवाखान्यात न्यावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही होऊ शकतो.

बँबरोत ग्रेसच्या नावाचे संग्रहालय १९३८ मध्ये, घटनेला शंभर वर्षे झाली तेव्हा, सुरू झाले. ती २१ फुटी कोबल तिथे ठेवली आहे. समोरच्या चर्चच्या आवारात तिचे स्मारक आहे, त्यात तिची पहुडलेली मूर्ती आणि शेजारी वल्हे. समुद्रातून जाणाऱ्या जहाजांना दिसावे अशा बेताने ते उभारलेले आहे.