सोवळं सुटलं, पण कसं?

हॉस्टेलवरचा पहिला आठवडा आठवतोय? रूममेटने न विचारता तुमच्या पाण्याच्या बाटलीला तोंड लावलं आणि तुम्ही क्षणभर आक्रसलात. ‘त्यात काय एवढं,’ हे डोक्याला कळत होतं, पण हात काही पटकन बाटलीकडे गेला नाही. डोक्याला पटलेलं अंगवळणी पडायला वेळ लागतो, तो असा.

ही अडचण तुमची एकट्याची नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ती आपल्यापेक्षा शंभर पटींनी सोसली होती. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्या ह्याच.

त्यांचा जन्म 1868चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं म्हणजे कहर होता! बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. कुणाचा स्पर्श होईल या धास्तीत सगळं घर वावरायचं. विटाळ म्हणजे काय, हे त्या पोरीला कुणी शिकवावं लागलं नाही. ती त्यातच वाढली.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. कवी, विद्वान आणि विलक्षण लहरी. आज या गावात, तर उद्या त्या. घरात आहे ते कधी देऊन टाकतील याचा नेम नाही. 1895 साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बायकोला विचारलं नाही, आधी सांगितलंही नाही.

आता लक्ष्मीबाईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पदरात लहान मुलगा. शिक्षण म्हणावं तर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवऱ्याकडे जावं तर धर्म बुडतो, न जावं तर संसार. नातेवाइकांच्या आधाराने त्या काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या, पण नवरा गेला म्हणून आपणही जावं, असं काही त्यांनी केलं नाही.

पुढे मुलाला घेऊन त्या टिळकांकडे परतल्या, त्याही आपल्या अटीवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एकाच संसारात एक ख्रिस्ती आणि एक कडक सोवळ्यातली ब्राह्मण बाई! लोक हसले असतील, पण त्यांना जे पटलं नव्हतं त्याचं नाटक त्यांनी केलं नाही. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं.

मग प्रश्न आतूनच आला. या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांच्या जाती जशा बघताक्षणी ओळखू येतात, तशा माणसांच्याही आल्या असत्या. तशा त्या येत नाहीत. म्हणजे हे सगळं माणसाचं कर्तृत्व! हा हिशेब त्यांनी पोथी उघडून नाही, स्वतःच्या डोक्याने केला. तो सुटला त्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की यापुढे कुणाच्याही हातचं खाईन, पिईन.

इथे एक गोष्ट नीट बघा. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला. म्हणजे जात सोडली ती धर्म बदलला म्हणून नव्हे. आधी जात सुटली, धर्माचं नंतर ठरलं. आणि दोन्ही वेळा तारीख त्यांची होती, नवऱ्याची नव्हती.

एकदा सुटलं ते सुटलं. स्पर्शाला भिणाऱ्या घरातली ही मुलगी पुढे प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करत होती. 1919 साली टिळक गेले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे सुरुवातीचे मोजकेच अध्याय झाले होते. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागलं, तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. त्यात आपल्या जुन्या सोवळ्याची त्या मस्त थट्टा करतात. वडिलांची करतात, टिळकांची करतात आणि सगळ्यात जास्त स्वतःची. 1936 साली त्या गेल्या.

आपल्याला बदलायची घाई फार असते. ग्रुपमधले सगळे बदलले म्हणून, कुणीतरी ‘मागासलेला’ म्हणालं म्हणून. मग वरवर बदलतो आणि घरी गेलो की पुन्हा जुन्या खुंटीला. लक्ष्मीबाईंना उशीर झाला, पण त्यांनी प्रश्न टाळला नाही. अटी घालून का होईना, त्या त्याच घरात राहिल्या, रोज त्या अडचणीसमोर बसल्या.

तुमचीही एखादी वेगळी घागर असेलच. कुणाबद्दलची अढी, एखादी भीती, नाहीतर ‘आमच्यात असं चालत नाही’ हे वाक्य. लगेच फोडू नका. आधी ती कुणी भरून ठेवली, एवढं विचारून बघा. आणि ‘स्मृतिचित्रे’ लायब्ररीत असतं. परीक्षेसाठी नाही, असंच वाचा. हसाल खूप.