लक्ष्मीबाईंच्या घरातला देव

संसारात राहून देवाधर्माचं काही होत नाही, अशी आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत आहे. सकाळचे डबे, दूधवाल्याचा हिशेब, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं यातून उसंत मिळाली की मग पोथी, मग जप आणि जमलंच तर एखादी पंढरपूरची फेरी. आधी कामं उरकायची आणि वेळ उरला तर श्रद्धा. या समजुतीला बिनदिक्कत धक्का देणारं एक आयुष्य मराठीत होऊन गेलं. भाड्याच्या खोल्या बदलत, कधी भरलेल्या तर बहुतेक वेळा रिकाम्या डब्यांच्या स्वयंपाकघरात ते गेलं. मी लक्ष्मीबाई टिळकांविषयी बोलते आहे. (लोकमान्यांच्या घराशी गल्लत नको. हे टिळक म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक.)

आमच्या घरी ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत आहे, दोनदा डिंकानं चिकटवलेली. माझ्या आईनं ती वाचली, आत्यानं वाचली, आता माझ्या सुनेच्या उशाशी असते. लक्ष्मीबाईंचं नाव काढलं की बहुतेकांच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं. विनोदी पुस्तक म्हणूनच ते पुष्कळांच्या लक्षात राहिलेलं असतं. मला मात्र दर वेळी एक प्रश्न पडतो. या बाईच्या वाट्याला जे आलं, त्यात हसण्यासारखं होतं तरी काय?

नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात १८६८ साली त्यांचा जन्म झाला. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, लाडाचं नाव मनू. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं होतं. त्या धक्क्यानं मनूच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं आणि ते पुढे उतरलंच नाही. बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मग ती धुण्यासारखी असो वा नसो. घरातली माणसं सतत ओलेत्यानं वावरत आणि कुणी कुणाला शिवलं यावरून दिवसाचं वेळापत्रक कोसळत असे. लक्ष्मीबाई हे सगळं इतक्या गमतीनं सांगतात की वाचताना त्या घरात वाढणाऱ्या लेकरांचं काय होत असेल, हे आपण विसरून जातो. लहानग्या मनूची देवाशी पहिली ओळख झाली ती या भीतीतून. देव म्हणजे विटाळ, देव म्हणजे पुन्हा एकदा आंघोळ. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तिचा हिशेब लागणार आहे.

अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, संस्कृतचा व्यासंगी, वक्ता आणि एका जागी न टिकणारा. टिळकांच्या पायाला चक्र होतं. आज इथे शाळा, उद्या तिथे नोकरी, परवा कीर्तन नाहीतर प्रवचन. न सांगता घरातून निघून जायचे आणि कधी परत येतील याचा नेम नाही. हातात पैसा ठरत नसे. समोर गरजू माणूस दिसला की खिसा रिकामा आणि गरजू नसला तरी पुस्तकाचं दुकान असेच. रागही तसाच, एकदम भडकणारा आणि तितक्याच वेगानं विझणारा. मग स्वतःच कळवळून माफी मागणार. अशा माणसाशी संसार करताना बाईनं एक तर खचून जावं किंवा कडवट व्हावं. लक्ष्मीबाईंनी भांडण केलं, रुसल्या, पैसे लपवून ठेवले, प्रसंगी टिळकांची फजितीही केली. त्या गरीब गाय कधीच नव्हत्या. पण दोघांच्याही गळ्यात हसू दाटून आलं की भांडण तिथेच संपे. हे हसू त्यांनी कुणाकडून शिकलं, कोण जाणे. माहेरी तर ते मिळण्यासारखं नव्हतं.

अपत्यंही सुखासुखी लाभली नाहीत. हाती आलेलं मूल जाण्याचं दुःख या जोडप्यानं भोगलं आणि मग दत्तू, म्हणजे देवदत्त, त्यांच्या घरात वाढू लागला.

आणि १८९५ साल आलं. त्याआधी दोन वर्षं, नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी टिळकांच्या गप्पा झाल्या होत्या आणि त्यानं त्यांना बायबल भेट दिलं होतं. टिळक वाचत राहिले, विचार करत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या चित्पावन ब्राह्मण कुटुंबात याचा अर्थ काय होता, याची आज कल्पना करणंही कठीण आहे. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, पण संसार मोडलेला. माहेरच्यांच्या आणि सासरच्यांच्या दृष्टीनं टिळक मेल्यात जमा. लक्ष्मीबाईंनी हंबरडा फोडला, अन्नपाणी सोडलं, त्यांचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. पदरी लहानगा दत्तू. नातलगांच्या आधारानं, काही काळ पंढरपुरात, अशी जवळजवळ पाच वर्षं त्यांनी काढली.

या पाच वर्षांपाशी मी नेहमी थबकते. कुणाही बाईला इथे दोनच वाटा दिसल्या असत्या. नवऱ्याच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडायची, किंवा पतीच्या मागे जाणं हाच धर्म म्हणत डोळे मिटून त्याच्या घरी जायचं. पहिल्या वाटेवर नातलगांची सहानुभूती होती. दुसरीला पातिव्रत्याचं नाव होतं. लक्ष्मीबाई दोन्हीकडे गेल्या नाहीत. टिळकांवरची माया त्यांनी सोडली नाही आणि स्वतःचा धर्मही सोडला नाही. पत्रांचं येणंजाणं राहिलं. याच ताटातुटीत त्यांच्या हातून कविता होऊ लागल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई, तिला अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, टिळकांच्या खटपटीमुळे. ज्यानं अक्षरं दिली त्याच्याच विरहात ती अक्षरं कामी आली.

पुढे त्या दत्तूला घेऊन नगरला आल्या, पण आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी वेगळं ठेवून. टिळक ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, आणि मधे एक लहान मुलगा. हा सगळा प्रकार आसपासच्या लोकांना चमत्कारिकच वाटला असणार. टिळकांच्या स्वभावातला उतावळेपणा पाहता मला त्यांचं इथलं वागणं फार मोठं वाटतं. त्यांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही. घाई केली नाही. पैशाच्या बाबतीत कधीच भरवसा न देणारा हा माणूस या एका बाबतीत पूर्ण भरवशाचा निघाला.

लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते कुठल्या प्रवचनानं नव्हे. त्यांच्या मनात एक साधा विचार आला: या जाती देवानं केल्या की माणसांनी? देवानं केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांमध्ये दिसतो तसा फरक माणसामाणसांतही दिसला नसता का? विचार एवढाच. पण वडिलांच्या घरी जे जे धुऊन घेतलं होतं, ते सगळं त्या विचारानं एका क्षणात कोरडं करून टाकलं. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं, असं त्यांनी ठरवलं. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा. आधी माणूस शिवून घेतला, मग देव. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो आणि गौरींना पुरणपोळी होते. तरीही लक्ष्मीबाईंच्या या प्रवासातलं काहीच मला परकं वाटत नाही. आज आपल्या घरांमध्ये धर्म एकच असतो, पण श्रद्धा मात्र तीन-तीन प्रकारच्या. सासूबाई सोवळ्यातल्या, मुलगा नास्तिक, सून आंतरजातीय, नात कुठल्याशा ध्यानवर्गाला जाणारी. एकाच ओट्यावर सगळ्यांचा चहा उकळतो. अशा घरात एकमेकांना वेळ देणं म्हणजे काय, हे मला तरी टिळकांच्या नगरच्या त्या वेगळ्या चुलीवरून जास्त कळलं.

ते घर त्यानंतर कधी रिकामं राहिलं नाही. १८९९-१९००च्या दुष्काळात पोरकी झालेली मुलं आली. टिळक वाटेतून माणूस उचलून आणायचे आणि लक्ष्मीबाई पिठात हात घालून डब्याचा तळ चाचपायच्या. कुरकुर त्या करतच. आदर्श गृहिणीचं सोंग त्यांनी कधी आणलं नाही, आणि म्हणूनच त्यांच्या पानावर वाढलेलं अन्न कुणाच्या घशाखाली अडकत नसे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं आणि तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या पोरानं सगळ्यांना थक्क केलं. पुढे बालकवी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते हेच. टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी आणलं. निसर्गाचा हा वेडा कवी लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात लाडानं आणि हट्टानं वावरला, जेवला, रुसला. हा मुलगा मराठीत अजरामर होणार आहे याची त्या घराला फिकीर नव्हती. तो जेवला की नाही, एवढीच.

२०२०च्या टाळेबंदीत आम्ही पाच माणसं दोन खोल्यांत महिनोन् महिने अडकलो होतो तेव्हा मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढलं. दुपारी जेवणं झाली की थोडं मोठ्यानं वाचायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी नातवंडं कंटाळली. तिसऱ्या दिवशी तीच पुस्तक घेऊन माझ्या मागे फिरू लागली. त्या दिवसांत घरात काळजी भरून राहिली होती, एक नोकरी जाण्याच्या बेतात होती, एका आजारी माणसाला भेटायला जाता येत नव्हतं. तरी दुपारी चारच्या सुमाराला आमच्या खोलीतून हसण्याचा आवाज शेजाऱ्यांना जात असे. लक्ष्मीबाईंच्या हसण्यामागे काय असेल, याचा थोडा अंदाज मला तेव्हा आला. त्या संकट लहान करून सांगत नाहीत. संकट पुरतं सांगतात, आणि मग त्यात सापडलेल्या स्वतःकडे जरा दुरून पाहतात. एवढं दूर जाता येणं हीच एक प्रार्थना असावी, असं मला वाटतं. पण हे माझं मत. माझ्या नवऱ्याच्या मते तो निव्वळ नाशिकचा खवचटपणा आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. आयुष्यभर पैशाला न जुमानणाऱ्या माणसानं उतारवयात उरलासुरला आधारही सोडून दिला. लक्ष्मीबाईंनी तेही निभावलं. १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. बरोबर एका वर्षानं, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले. टिळकांचे अभंग आणि भजनं मराठी चर्चमधून आजही म्हटली जातात. ज्या घरात ती रचली गेली, त्या घराचं भाडं कसं चुकतं होत होतं, हे मात्र लक्ष्मीबाईंनाच ठाऊक.

त्यांनी ते लिहूनही ठेवलं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालं, चौथा भाग अपुराच राहिला. नवऱ्याचं मोठेपण सांगताना त्यांनी त्याचा राग लपवला नाही, विसरभोळेपणा लपवला नाही, पैशाचा घोळ लपवला नाही. आपण गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतो आणि त्याच्याविषयी खरं बोलणं बंद करतो. लक्ष्मीबाईंनी टिळकांना फोटोत बसू दिलं नाही. ते पानापानातून चिडत, हरवत, कविता म्हणत, रिकाम्या हातांनी बाजारातून परत येत राहतात. पुस्तकभर कुठेही आभार मानलेले नाहीत, पण ज्या बाईला त्या माणसाबद्दल कृतज्ञता नाही तिला त्याच्या इतक्या खोड्या आठवल्याच नसत्या.

आणखी एक काम त्यांनी हाती घेतलं होतं. ख्रिस्ताचं चरित्र मराठीत काव्यातून सांगायचं, असं टिळकांच्या मनात होतं. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी सुरू केलं, पण अकराव्या अध्यायापर्यंतच ते पोचू शकले. ते अर्धवट काम लक्ष्मीबाईंनी उचललं. वय वाढलेलं, तब्येत तोळामासा, आणि ज्ञान म्हणाल तर घरात वावरताना कानावर पडलेलं. ओव्यांचा ठेका मात्र त्यांच्या रक्तात होता. त्यांनी चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या तेव्हा शेवटचा अध्याय राहिला होता. तो दत्तूनं लिहिला, आणि १९३८ साली तिघांचं मिळून ते पुस्तक निघालं.