सर्पगंधेची कसोटी घेणारे डॉ. वकील

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेला रक्तदाब होता ३००/१९०. तो काही एका दिवसात चढलेला नव्हता. काही वर्षे तो वाढतच चालला होता आणि त्यांच्या दिमतीला उत्तमोत्तम डॉक्टर होते. नव्हते ते औषध. विश्रांती, मिठाचे पथ्य, झोपेची औषधे आणि अगदीच नाइलाज झाला तर मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच त्या काळच्या डॉक्टरांच्या हाती होते. वय वाढले की रक्तदाब वाढायचाच, तो उतरवू नये, असे मानणारे नामांकित डॉक्टरही तेव्हा होते.

त्याच सुमारास मुंबईत एक तरुण पारशी डॉक्टर आपल्या रुग्णांना एका जंगली झुडपाच्या वाळवलेल्या मुळाच्या गोळ्या देत होता आणि त्यांचा रक्तदाब मोजून नोंदी ठेवत होता. डॉ. रुस्तम जाल वकील हे त्यांचे नाव. आडनाव वकील असले तरी पेशा डॉक्टरीचा.

वकील यांचा जन्म १९११ चा, मुंबईतला. वैद्यकाचे शिक्षण लंडनमध्ये झाले. लंडनची उच्च पदवी मिळवून ते १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात व जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले. हृदयरोग ही वेगळी शाखा म्हणून आपल्याकडे तेव्हा नुकती कुठे आकार घेत होती. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरने देशी मुळ्यांकडे पाहून नाक मुरडावे, हा त्या काळचा शिरस्ता. वकील यांनी तसे केले नाही. हे औषध पूर्वापार चालत आले आहे म्हणून त्यांनी ते डोळे मिटून स्वीकारलेही नाही.

ते मूळ होते सर्पगंधेचे. हे जेमतेम हात-दोन हात उंचीचे झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत सावलीच्या, ओलसर जंगलात वाढते. साप-विंचवाच्या विषावर, तापावर आणि वेडावर त्याचे मूळ शेकडो वर्षे वापरले गेले. बिहारकडे तर ‘पागल की दवा’ म्हणूनच ते ओळखले जाई. साप चावल्यावर त्याचा उपयोग होतो, याला पुढे आधार मिळाला नाही. पण वेडाच्या भरात बेभान झालेल्या माणसाला ते शांत करते, हे निरीक्षण मात्र खरे ठरले. परंपरेने सांगितलेल्या उपयोगांतले काही खरे आणि काही खोटे निघू शकतात. कोणता खरा आणि कोणता खोटा, हे तपासल्यावाचून कळत नाही.

ही तपासणी वकील यांच्या आधीच सुरू झाली होती. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा रक्तदाब उतरवते व उन्माद शमवते, असे लिहून प्रसिद्ध केले. सेन हे आयुर्वेदाचे मोठे पंडित होते आणि आधुनिक वैद्यकही शिकलेले होते. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळातून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली. त्यातल्या एकाला त्यांनी कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. कोलकात्यातच रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. वैद्य, हकीम, रसायनतज्ज्ञ आणि डॉक्टर असे सगळे या एका मुळाभोवती जमले होते. तरीही देशाबाहेर त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

वकील यांचे श्रेय पुढच्या पायरीचे आहे. अमुक रुग्णाला बरे वाटले, एवढ्यावर ते थांबले नाहीत. उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण घेऊन त्यांना ठरावीक मात्रेत मूळ दिले, आधीचा आणि नंतरचा रक्तदाब मोजला, कुणाचा किती उतरला आणि कुणाला काय त्रास झाला, हे आकड्यांत मांडले. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. हा अहवाल १९४९ मध्ये लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात छापून आला आणि जगातल्या हृदयरोगतज्ज्ञांना तो वाचावाच लागला. आजच्या कसोटीवर हा अभ्यास लहान ठरेल. पण त्या काळात एका वनस्पतीविषयी इतके पद्धतशीर लिहिलेले त्यांच्यासमोर दुसरे काही नव्हते.

त्यानंतर चक्रे वेगाने फिरली. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मूळ मागवून आपल्या रुग्णांवर वापरले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातला प्रभावी घटक वेगळा केला. तो रेसरपीन. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलीन नावाच्या रसायनाचा साठा असतो. रक्तवाहिन्या आकुंचित होतात त्या याच रसायनाच्या इशाऱ्यावर. रेसरपीन हा साठा हळूहळू रिकामा करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. साठा रिकामा व्हायला वेळ लागतो, म्हणून गुणही सावकाश दिसतो.

रेसरपीनचे सर्वांत मोठे काम मात्र वेगळेच आहे. रक्तदाब उतरवल्याने माणसाचा जीव वाचतो का, हा प्रश्न १९६० च्या दशकापर्यंत मोकळाच होता. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर याची चाचणी झाली. निम्म्यांना तीन औषधे एकत्र दिली, त्यांपैकी एक रेसरपीन. उरलेल्यांना औषधासारख्या दिसणाऱ्या साध्या गोळ्या दिल्या. १९६७ मध्ये निकाल आला. साध्या गोळ्यांच्या गटात गंभीर घटना २७, औषधाच्या गटात अवघ्या २. आज तुमच्याआमच्या घरात रक्तदाबाची गोळी रोज न चुकता घेतली जाते, तिच्यामागे हा पुरावा आहे आणि त्या पुराव्यात सर्पगंधेचा वाटा आहे.

वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी पद्मभूषण आणि १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. रुग्णाची तपासणी कशी करावी, यावर त्यांनी डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेले पाठ्यपुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले. १९७४ मध्ये ते गेले.

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. औषध जगभर पोचले तसे त्याचे दोषही दिसू लागले. नाक चोंदणे, सुस्ती, आम्लपित्त आणि पोटातील व्रण, आणि सर्वांत गंभीर म्हणजे खिन्नता. रेसरपीन मेंदूतील रसायनांचे साठेही कमी करते. मोठ्या मात्रेत ते घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र नैराश्य आले. बेभान माणसाला शांत करणारा आणि धडधाकट माणसाला उदास करणारा गुण एकच होता. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसरपीन मागे पडले. झुडपाचेही हाल झाले. मुळासाठी झाड उपटावेच लागते, त्यामुळे जंगले ओरबाडली गेली. आज सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

म्हणूनच आज कुणी रक्तदाबाची गोळी बंद करून सर्पगंधेचे चूर्ण सुचवले, तर सावध व्हा. ते नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असे मुळीच नाही. बाजारातल्या चूर्णात घटकाचे प्रमाण किती, हे डोळ्यांनी कळत नाही. नैराश्य, अल्सर किंवा गर्भारपण असेल तर धोका आणखी वाढतो. चालू गोळ्यांबरोबर ते घेतले तर रक्तदाब नको तितका उतरू शकतो. वैद्यांकडून काही घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा आणि डॉक्टरांची गोळी वैद्यांना सांगा. लपवण्यात नुकसान आपलेच आहे.

दोन्ही वैद्यके एकत्र आणण्याची चर्चा हल्ली बरीच होते. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवणे, रोज अर्धा तास चालणे, वजन आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, योगासने आणि प्राणायाम हे सारे रक्तदाबाच्या उपचारात गोळीच्या जोडीला खुशाल यावे. पण काय उपयोगी पडले, हे ठरवायचे ते रक्तदाब मोजून. ठरावीक वेळी, पाच मिनिटे शांत बसून रक्तदाब मोजा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. उपाय आजीचा असो की कारखान्यातला, वकील यांनी लावलेली कसोटी दोघांनाही सारखीच लागू आहे. आकडा उतरला का, उतरलेला राहिला का आणि त्यासाठी शरीराने काय किंमत मोजली?