नाव हरवलेली फुले
फुलाचे नाव हरवले तर काय हरवते, हे मला चित्रकार सेड्रिक मॉरिस यांच्या चरित्रातून उमगले. त्यांचा जन्म १८८९ साली वेल्समधील स्वान्सी येथे झाला. इंग्लंडात १९३७ मध्ये काढलेली त्यांची कलाशाळा १९३९ मध्ये जळाली. १९४० पासून सफोकमधील बेंटन एंड येथे त्यांनी चित्रकलेबरोबर आयरिसची बाग जोपासली. दरवर्षी बियांपासून हजारभर रोपे वाढवून एकूण नव्वदएक वाणांना नावे दिली. गड्डे मित्रांना वाटले. १९८२ मध्ये ते वारले आणि बरीच नावे विसरली गेली. पण गड्ड्यातून वाण जसाच्या तसा टिकतो. पुढे बागतज्ज्ञ सेरा कुक यांनी जुन्या वर्णनांशी फुले ताडून कित्येक वाण ओळखले.

आजीच्या परसातल्या गुलाबाचे नाव मी कधी विचारलेच नाही. गुलाब आहे, आजी नाही.