रेडिओची नोकरी सोडली अन् महाराष्ट्राला हसवलं. आवाजाच्या जोरावर घराघरांत पोहोचलेले पु. ल.

माण : हिंजवडी-माणच्या रानात आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या त्याच्या कितीतरी आधी, करमणूक म्हणजे जत्रेतला तमाशा, भजन आणि कुणा एकाच्या घरातला रेडिओ. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. पुढे १९५६ मध्ये याच केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांना एकत्र बसवून रेडिओ ऐकवण्याचा प्रयोगही केला. त्या सुमारास या केंद्रात नोकरीला आले पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, म्हणजे आपले पु. ल.

जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतला. घरात पेटी वाजवायची, गाण्याची आवड. पोटासाठी कारकुनी केली, मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये मास्तरकी केली, बेळगावच्या कॉलेजात शिकवलं. आपल्या देहूच्या तुकोबांवर १९४८ मध्ये 'तुका म्हणे आता' हे नाटक लिहिलं, पण ते काही चाललं नाही. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' सिनेमात मात्र त्यांनी कमालच केली. कथा, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका, सगळं एकाच माणसाचं! आळंदीच्या इंद्रायणीवरचं भीमसेन जोशींच्या आवाजातलं ते गाणं याच सिनेमातलं. शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची. वारीत आजही कुठेना कुठे ते कानावर पडतंच.

एवढं करूनही १९५५ मध्ये पु. लं.नी आकाशवाणीची नोकरी धरली. रेडिओवर माणूस दिसत नाही, फक्त आवाज. आवाजातूनच म्हातारा, पोरगा, भांडखोर शेजारी उभा करायचा. हे काम त्यांना फार उपयोगी पडलं असणार. सरकारने पुढे त्यांना टीव्हीचं काम शिकायला लंडनला बीबीसीकडे धाडलं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत देशातला टीव्ही सुरू झाला तेव्हा तो उभा करणाऱ्यांत आपला हा मराठी गडी होता. पंडित नेहरूंची टीव्हीवरची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली असं सांगतात.

पक्की सरकारी नोकरी, दिल्लीत मान. कुणीही म्हणालं असतं, आता गप निवृत्तीपर्यंत बसावं. पु. लं.नी ती सोडली आणि मुंबईला परतले.

१९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आली. मंचावर एकटा माणूस, ना पडदे ना दुसरा नट. गिरगावातल्या चाळीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं तो आवाजातून आणि हातवाऱ्यांतून दाखवायचा अन् लोक पोट धरून हसायचे. त्यानंतर 'वाऱ्यावरची वरात', 'असा मी असामी'. तिकिटासाठी रांगा लागायच्या. नाटकवाल्याचं चालू खातं बंद करायचं धाडस सहसा कुणी करत नाही, पण पु. लं.नी गर्दी असतानाच 'चाळी'चे प्रयोग थांबवले. पुढे या सगळ्याच्या कॅसेटी निघाल्या आणि ज्यांनी कधी थिएटर पाहिलं नाही त्यांच्याही घरी पु. ल. पोहोचले.

आलेल्या पैशाचं काय केलं? पत्नी सुनीताबाईंनी हिशेबाची सूत्रं हातात ठेवली, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान काढलं आणि पैसा समाजाच्या कामाला लावला. गर्दच्या व्यसनावरचे अनिल अवचटांचे लेख वाचून त्यांनी एक लाख रुपये दिले. त्यातून १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. अनेक गावांतली पोरं तिथून बरी होऊन घरी आली आहेत.

हसवणारा माणूस नेमका गप्प बसणारा नव्हता. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत ते सभांमधून काँग्रेसविरोधात बोलत हिंडले. १९९६ मध्ये युती सरकारने पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार दिला, तेव्हाही सरकारच्या वागण्यावर बोट ठेवलं. त्यावर बाळासाहेब ठाकरे चांगलेच चिडले. ठाकरे हे ओरिएंट हायस्कूलमध्ये पु. लं.चेच विद्यार्थी!

शेवटची वर्षं आजारपणात गेली. १२ जून २००० ला पुण्यात त्यांनी डोळे मिटले. त्या दिवशी त्यांच्या आणि सुनीताबाईंच्या लग्नाला ५४ वर्षं पूर्ण झाली होती.