हेमाडपंतांनी बांधलं नाही, तरीही हेमाडपंती!

ट्रेकच्या वाटेवर काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की आपण बिनधास्त सांगून टाकतो, हेमाडपंती आहे. फोटो, स्टोरी, विषय संपला. पण हा हेमाडपंत कोण, असं कुणी विचारलं तर बहुतेकांची गाडी मोडी लिपीपाशी अडते.

हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेला माणूस. १२६१ च्या सुमारास महादेव यादव गादीवर आला आणि हेमाद्री त्याचा श्रीकरणाधिप झाला. म्हणजे सगळी सरकारी दप्तरं याच्या हाताखाली. १२७१ मध्ये महादेवाच्या मुलाला हटवून रामचंद्र राजा झाला. अशा उलथापालथीत जुन्या माणसांचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. हेमाद्रीची खुर्ची मात्र टिकली! त्यातच त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरचा अवाढव्य ग्रंथ रचला, वाग्भटाच्या वैद्यकग्रंथावर टीका लिहिली, बोपदेव या व्याकरणकाराला आश्रय दिला. माणूस कामाचा होता, यात वादच नाही. देवळांना त्याने हातभार लावलाही असेल. पण ती शैली त्याची नव्हे.

पुरावा बघायचाय? वसई रोडवरून दिव्याची गाडी पकडा आणि पुढे अंबरनाथला जा. तिथलं शिवमंदिर लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात. त्यातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. हेमाद्री अधिकारावर येण्याच्या तब्बल दोनशे वर्षं आधीचा! चुना न वापरता, दगडाला खाचा पाडून एकात एक अडकवायचे आणि वजनावर तोलायचे, ही विद्या तेव्हाच्या पाथरवटांना पक्की येत होती. अंबरनाथच्या शिखराची जात ‘भूमिज’. तिचं नातं थेट माळव्याशी. तशीच शिखरं माळव्यात उदयपूरला आहेत, आपल्याकडे सिन्नरच्या गोंदेश्वराला आहेत. कारागीर फिरले, तशी शैली फिरली.

आता खरी गंमत. अंबरनाथ शिलाहारांचं. आपलं सोपाराही त्यांच्याच राज्यातलं. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर याला महादेव यादवाने हरवलं आणि तो समुद्रात बुडून मेला. हे आपल्याला कळतं हेमाद्रीच्याच ग्रंथातल्या राजप्रशस्तीतून, आणि तिथे अर्थातच धन्याचं कौतुक आहे. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती हीच, असं काही अभ्यासक मानतात.

म्हणजे बघा, शिलाहारांचं राज्य यादवांनी घेतलं आणि त्यांनी बांधलेल्या देवळाला आपण यादवांच्या मंत्र्याचं नाव लावून बसलो. हेमाद्रीने हे श्रेय मागितलं नव्हतं, ते आपणच देतो. ज्यांनी दगड घडवले त्या पाथरवटांचं नाव तर कुठल्याच कॅप्शनमध्ये येत नाही. पुढच्या वेळी फोटो टाकाल, तेव्हा निदान ‘शिलाहारकालीन’ एवढं तरी लिहा.